'वाचनालय'ची न कापलेली कड

मित्रांनो, मी चित्रे काढणारा एक जुना प्रोग्राम आहे, पण मला स्वतःला एक ठिपकासुद्धा रंगवता येत नाही. हसू नका. ब्राउझरच्या पानावर इतर प्रोग्राम कॅनव्हासला, म्हणजे चित्र उमटणाऱ्या चौकटीला, हुकूम सोडतात: पेन इथे टेक, रेघ ओढ, वळण घे, रंग भर. मी त्या कॅनव्हासचे सोंग घेऊन उभा राहतो आणि रंगवण्याऐवजी प्रत्येक हुकूम शब्दांत लिहून ठेवतो. ठिपक्यांचे चित्र ताणले की कडांना पायऱ्या पडतात. माझे लिखाण भिंतीएवढे करा, रेघ तशीच सुबक!

मला घडवले धाकटीने, थोरल्या बहिणीसाठी. थोरली लाकडी पाट्या कापते. तिच्या यंत्राला ठिपके कळत नाहीत, रेघाच लागतात. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे 'तो आहेच की' म्हणून कुणी विचारीनासे झाले.

एकदा आईच्या वाचनालयाची पाटी कापायची होती. उद्घाटन त्याच संध्याकाळी. फळी एकच, आईच्या पुस्तकांच्या कपाटाचे दार. शिरोरेघेने जोडलेला 'वाचनालय' हा शब्द अख्खा सुटून यायला हवा होता. यंत्र फिरले, 'व'च्या पोटातला तुकडा टपकन पडला, पण शब्द फळीला धरूनच राहिला. शिरोरेघेच्या टोकाची बोटभर कड कापलीच गेली नव्हती.

ठिपका मला जमत नाही, पण ठपका माझ्यावरच आला. थोरलीने पटाशी उचलली.

"तुझ्या त्या प्रोग्रामचं पडद्यावर सगळं गोड दिसतं गं. निस्तरायचं मात्र मी."

"ताई, घाव घातलास तर शिरोरेघ चिरेल. त्यानं काय लिहिलंय ते वाचू दे आधी."

आईने थोरलीच्या हातातली पटाशी तेवढी काढून घेतली.

धाकटी एकेक ओळ वाचत गेली आणि थबकली. 'रेघ बंद कर', म्हणजे शेवटचे टोक सुरुवातीला जोड, हा हुकूम तिच्याकडून द्यायचाच राहिला होता. रंग भरताना उघडी कड आपोआप मिटते, म्हणून पडद्यावर चूक दिसली नव्हती. मी मात्र पदरचे काही घालत नाही. ऐकले तेवढेच लिहितो.

"चूक माझीच, ताई."

"भांडू नंतर. आधी काप."

फळी अजून यंत्रातच घट्ट होती. तेवढी कड कापली गेली आणि अख्खा शब्द आईच्या ओंजळीत आला.

मित्रांनो, मला तेलपाणी लागत नाही. मला सांगायचे ते पुरते सांगा, आणि बिनसले तर मी लिहिलेले एकदा वाचा. सापडेल.