रुद्राणीबाईंची थाप

शनिवारी सकाळची शाळा सुटली, की रुद्राणीबाईंना घरी जायची घाई नसायची. मुलींच्या त्या शाळेतल्या शिक्षकखोलीत मग कोशाचा खेळ रंगायचा. गणिताचे धोंडप्पा सर जाडजूड शब्दकोश उघडत, कुणाच्या बापाला ठाऊक नसेल असा शब्द शोधून काढत आणि फळ्यावर लिहीत. बाकीच्यांनी त्याचा एकेक खोटा अर्थ चिठ्ठीवर लिहून द्यायचा. सर त्यात कोशातला खरा अर्थ मिसळून सगळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवत. ज्याच्या थापेला जास्त माणसं फसतील तो जिंकला. हरलेल्यांनी पुढच्या शनिवारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायची. सहा महिन्यांत रुद्राणीबाईंवर चटणी आणायची पाळी एकदाही आली नव्हती.

बाईंचं माहेर सोलापुरातल्या कापडव्यापाऱ्यांचं. घरात बोलणं कानडी, शाळेत शिकवायचं मराठी. गिऱ्हाइकाला कोणतं कापड कसं दाखवायचं हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या, आणि थापेचंही तसंच असतं. थापेत त्या हटकून एखादा सण नाहीतर माहेर घालायच्या. माहेर आलं की माणसं पुढचं काही विचारत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी शब्द निघाला ‘चाडे’. बाईंनी पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं, ‘लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला लेकीच्या सासरी माहेराहून येणारं, तिळगुळानं भरलेलं झाकणाचं भांडं.’ धोंडप्पा सर चिठ्ठ्या वाचत होते तेवढ्यात मुख्याध्यापक पंचाक्षरी सर चहाचा कप घेऊन डोकावले. बाईंची चिठ्ठी त्यांनी ऐकली आणि मान डोलावली.

“व्हय की,” ते म्हणाले, “आमच्या आईला आलं होतं की चाडं. पितळेचं. लई सांगायची ती.”

खोलीत सगळ्यांनी ओठ दाबून धरले. तेवढ्यात शिपाई भिमा बोलवायला आला, कुणी पालक भेटायला आले होते, आणि सर कप घेऊन निघून गेले. ते गेल्यावर धोंडप्पा सरांनी खरा अर्थ वाचला. चाडे म्हणजे पाभरीवरचा लाकडी पेला. पेरणीच्या वेळी त्यात मुठीनं बी सोडायचं, म्हणजे ते खालच्या नळ्यांतून जमिनीत उतरतं. मग जो हशा पिकला त्यात सर्वांत मोठ्यानं रुद्राणीबाई हसल्या. मुख्याध्यापकांच्या मागं जाऊन त्यांना खरं काय ते सांगावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. बाईंच्याही नाही.

फेब्रुवारीत शाळेत शब्दज्ञानाची परीक्षा झाली. पन्नास शब्द, पन्नास गुण. पहिली येणाऱ्या मुलीला पुढच्या वर्षी संस्थेच्या वसतिगृहात राहणं-जेवण फुकट. जागा एकच. बाईंच्या नववीच्या वर्गातली वच्छला त्या एका जागेवर डोळा ठेवून दिवा जाळत होती. ती करमाळ्याकडच्या जेऊरची, नात्यातल्या एका घरी भांडी घासून शिकत होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आई-बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आणि नातेवाइकांनी मार्चनंतर पोरीला ठेवणार नाही असं सांगून टाकलं होतं. जागा मिळाली तर दहावी, नाही मिळाली तर हातोडा, इतका सरळ हिशेब होता.

पेपर मुख्याध्यापकांनी काढला आणि त्यांनीच तपासला. बेरजा करायला गठ्ठा रुद्राणीबाईंकडं आला. वच्छलाला एक्केचाळीस होते आणि सरांच्या स्वतःच्या वर्गातल्या एका मुलीला बेचाळीस. बाईंनी वच्छलाचा पेपर उलटला आणि त्यांना तांबडी फुली दिसली. ‘चाडे – पाभरीवरचा पेला. त्यात बी सोडतात.’ त्यावर भली मोठी फुली. दुसऱ्या मुलीनं लिहिलं होतं, ‘पहिल्या संक्रांतीला माहेराहून येणारं तिळगुळाचं भांडं.’ तिथं बरोबरची खूण. सरांनी आईच्या गोष्टीसकट तो अर्थ आपल्या वर्गात शिकवला होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्यांदा स्वतःचाच राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही, कारण त्या तशाच पेपर घेऊन सरांच्या खोलीत गेल्या आणि रागाला तिथं अधिक चांगली जागा मिळाली.

“सर, हा अर्थ खोटा आहे. तो मी रचलाय. खेळात.”

“रचलाय कसा? आमच्या घरात होतं की.”

“तुम्ही पाहिलंय ते भांडं?”

“आई सांगायची.”

“चाडं म्हणून सांगायची?”

सरांनी नजर टेबलाकडं वळवली. बाईंना वाटलं, जिंकलं. पण मग त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणून विचारलं, “बाई, तुमी माझ्या वारलेल्या आईला खोटं पाडता काय?”

बाईंनी कोश आणून पुढं ठेवला. सर म्हणाले, कोश तरी माणसंच लिहितात की, आणि त्यात सगळं थोडंच असतं. शेवटी फार मोठं मन केल्यासारखे म्हणाले, “बरं, दोन्ही अर्थ बरोबर धरू. दोघी बेचाळीस. बरोबरी झाली तर निर्णय मुख्याध्यापकाचा, असा नियमच हाय.” निर्णय काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर न्याय केल्याचा थाट.

बाई शिक्षकखोलीत आल्या. दर शनिवारी त्यांच्या थापांवर टाळ्या देणारी माणसं आता वह्या तपासण्यात गढून गेली होती. धोंडप्पा सर म्हणाले, “बाई, खेळ होता तो. उगाच कशाला ताणता? त्यांना आता तोंडावर कोण सांगणार?”

“तुम्ही,” बाई म्हणाल्या. “कोश तुमच्या हातात होता.”

सरांनी पुढची वही ओढून घेतली. बाईंना त्यांच्या तोंडावर सहा महिन्यांची शेंगाचटणी फेकावीशी वाटली.

सोमवारी निकालावर सही करायला संस्थेचे अध्यक्ष गुरुसिद्धप्पा आले. आडतीवरचा मोठा माणूस, धोतर आणि काळा कोट. वच्छलाचा बाप जोतीराम मुलीची पत्र्याची पेटी न्यायला जेऊरहून आला होता आणि व्हरांड्यात तिच्याजवळ उभा होता. निकाल काय लागणार ते त्याला आधीच कळलं होतं. बाईंनी बाप-लेकीला हाताला धरून मुख्याध्यापकांच्या खोलीत आणलं, न विचारता.

“अध्यक्षसाहेब, सही करायच्या आधी ऐका,” त्या म्हणाल्या आणि चाड्याची सगळी हकिकत सांगितली. आपली थाप, चिठ्ठी, हशा, काहीच लपवलं नाही. कान गरम झाले होते, पण थांबल्या नाहीत.

पंचाक्षरी सर शांतपणे म्हणाले, “साहेब, या बाई स्वतःच सांगतात की मी थापा मारते. सहा महिने मारते. मग आत्ता मारत न्हाईत हे कशावरून?”

अध्यक्षांनी धोंडप्पा सरांना बोलावणं धाडलं. सर आले, अध्यक्षांकडं पाहिलं, मुख्याध्यापकांकडं पाहिलं आणि म्हणाले, “तसं माहेराहून भांडी यायची पद्धत आहेच म्हणा. ऐकलंय मी.”

बाईंना रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. भर दुपारी, चार शिकलेली माणसं एका लाकडी पेल्याला पितळेचं भांडं करायला निघाली होती, आणि त्या भांड्यात तिळगूळ बाईंनीच भरून दिला होता.

“पोरी,” अध्यक्ष वच्छलाला म्हणाले, “तुला कुणी सांगितलं हे?”

वच्छला खाली बघत होती. “आय पेरती तवा... चाड्यावर मूठ तिचीच असती.” मग पंचाक्षरी सरांकडं नजर गेली आणि आवाज बारीक झाला. “पन सर म्हनत्यात तर माजंच चुकलं आसंल.”

“तुझं काहीही चुकलेलं नाही,” बाई इतक्या जोरात म्हणाल्या की दारातला भिमा दचकला. त्या जोतीरामकडं वळल्या. “तुम्ही बोला. गप्प काय उभे आहात? तुमच्या घरातलं अवजार आहे ते. चाडं म्हणजे काय ते सांगा साहेबांना.”

जोतीरामनं टोपी काढून हातात घेतली. “सर म्हनत्यात ते बी आसंल की, बाई.”

“आसंल?” बाईंचा आवाज फाटला. “जन्मभर पेरलंत ना तुम्ही? तुमच्या बायकोच्या मुठीतलं बी कुठं पडतं ते तुम्हाला माहीत नाही? लाज नाही वाटत असं बोलायला?”

जोतीराम टोपीची घडी करत राहिला. मग तो बाईंशी नाही, सरळ अध्यक्षांशी बोलला.

“सायेब, चाडं काय असतंय ते मला ठावं हाय. माज्या बानं बाभळीचं कोरल्यालं अजून घरात हाय, दोन वरसं बी न्हाय पडलं त्यात. पन पोरीची शाळा कशानं ऱ्हाईल ते मला ठावं न्हाय. खरं सांगून ऱ्हात आसंल तर खरं सांगतो. सरांचं खरं म्हनून ऱ्हात आसंल तर तसं म्हनतो. कंचं म्हनू, तेवडं सांगा.”

आपण त्याची लाज काढली, या विचारानं बाईंना कुठं तोंड लपवू असं झालं. अध्यक्षांनी पंचाक्षरी सरांच्या हातातला निकालाचा कागद ओढून घेतला, वरचं नाव खोडलं, वच्छलाचं लिहिलं आणि खाली सही केली. जोतीराम मात्र अजून तसाच उभा होता, उत्तराची वाट बघत.