बोलिव्हियाच्या दोन राजधान्या

“पेशीचं वीजघर म्हणजे काय म्हणून सांगा बघू,” धनलक्ष्मीने विचारलं, आणि कार्ड पदराखाली झाकलं. जणू बालाजीराव डोकावून कॉपी करणार होते.

बालाजीराव डोकावणार नव्हते. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसले होते. उजवा हात मांडीवर होता, कोणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. समोरच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, तिच्याकडे ते बघत होते.

“सांगा की. सोपं आहे. शाळेतल्या पोरांना येतं.”

शाळेतल्या पोरांना येत असेलही. तिला स्वतःला परवा आलं होतं.

“मायटोकाँड्रिया,” शेवटी तिनेच उत्तर दिलं आणि कार्ड उजवीकडच्या गठ्ठ्यावर ठेवलं. उजवीकडचा गठ्ठा तिला आलेल्या उत्तरांचा. डावीकडचा त्यांना आलेल्या उत्तरांचा. तिथे चार महिने नुसती फरशी होती.

चार महिन्यांपूर्वी दाढी करता करता बालाजीरावांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. पाय अर्धामुर्धा परत आला. वाचा मात्र गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं, तेव्हा रोज बोलतं करा. ह्यांना सगळ्यांत जास्त काय आवडायचं?

“प्रश्न,” धनलक्ष्मी म्हणाली. डॉक्टरांना वाटलं, बाईंना प्रश्न कळला नाही.

पण ते अगदी खरं होतं. बालाजीराव तेहतीस वर्षं फॅक्टरीत तपासनीस होते. दिवसभर दुसऱ्यांनी केलेला माल नापास करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन घरच्यांना. मंडळाच्या गणपतीत प्रश्नमंजुषा त्यांचीच. लोक भजनाला उशिरा आले तरी चालायचं, प्रश्नमंजुषेला उशिरा आलेल्याला ते उभ्याउभ्याच आफ्रिकेतल्या नद्या विचारत. घरी हा कार्यक्रम वर्षभर चालू असे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, सांबाराची पळी हातात असताना, त्यांनी धनलक्ष्मीला विचारलं होतं, “बोलिव्हियाची राजधानी?”

तंजावरच्या मराठी घरातल्या मुलीला बोलिव्हिया म्हणजे काय ते कुठून ठाऊक? ते म्हणाले, “ला पाझ.” तिने लक्षात ठेवलं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, तेव्हा ती ऐटीत म्हणाली, “ला पाझ.”

“चूक. घटनेप्रमाणे सुक्रे.”

तिने तेही लक्षात ठेवलं. तिसऱ्या वर्षी “सुक्रे” म्हटलं, तर, “मग सरकार कोठें बसतं? ला पाझला! तुला विचारलं हेंच चुकलं.” त्या देशाला दोन राजधान्या का आहेत, हे तिला त्या दिवशी कळलं. बायकोने एक सांगितली की दुसरी बरोबर असावी म्हणून.

आता विचारायची पाळी तिची होती.

कार्डं मुलीची, हरिप्रियाची. तांबरमच्या कॉलेजातून तिने बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केली, पुढे दोन वर्षं मिळेल त्या परीक्षेला बसली. एका संचात पेशी, प्रोटीनं आणि डीएनए; दुसऱ्यात सामान्यज्ञान, म्हणजे सर्वांत पहिला, मोठा, उंच आणि लांब. शेवटी नोकरी लागली पेरुंगुडीला, अमेरिकेतल्या विम्याचे अर्ज तपासण्याची. त्यात पेशी येत नव्हत्या आणि नद्याही. कार्डं बुटांच्या खोक्यात माळ्यावर गेली. खाली काढताना धनलक्ष्मीच्या हातून खोकं निसटलं आणि दोन्ही शास्त्रं एक झाली. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या मागोमाग सर्वांत खोल सरोवर यायचं आणि तामिळनाडूतल्या जिल्ह्यांनंतर लायपेज. जिल्हे कार्डावर बत्तीस होते. तिने पेनाने अडतीस केले. पेशीचं बरं होतं, दर निवडणुकीला तिचे नवे जिल्हे होत नव्हते.

धनलक्ष्मीची शाळा तमिळमधली, दहावीपर्यंतची. इंग्रजी अक्षर अक्षर लावत ती वाची; अडलं की रात्री मुलीला फोन करून अर्थ विचारी. “एंझाइम म्हणजे, अम्मा, जे काम घडवून आणतं पण स्वतः बदलत नाही आणि संपतही नाही.” धनलक्ष्मीने विचार केला. बदलत नाही, हे घरात एकाला लागू होतं. काम घडवून आणणं दुसऱ्याला. संपत नाही, हे मात्र दोघांनाही लागू पडेना. “ॲपॉप्टोसिस म्हणजे पेशी शेजारच्यांना त्रास न देता, आवरून सावरून, आपली आपण मरते.” “आमच्या सासूबाईंना हें कोणी सांगितलं नव्हतं,” धनलक्ष्मी म्हणाली.

खरं सांगायचं तर तिला मजा येऊ लागली होती. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही, कोपऱ्यावरच्या गणपतीला, पिळ्ळैयारलासुद्धा.

एके सकाळी ती म्हणाली, “डीएनएची वेणी उलगडणारं एंझाइम?”

बालाजीरावांचे ओठ हलले. तिने दहापर्यंत मोजलं. “हेलिकेज!” ती म्हणाली, आणि पुढचं तिच्या तोंडून आपसूक निघालं, त्याच चालीत, त्याच हेलात. “तुम्हाला विचारलं हेंच चुकलं.”

एक्केचाळीस वर्षांनी म्हटलं होतं. दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिला फार गोड वाटलं. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते डाव्या हाताने डावा डोळा पुसत होते. उजव्या डोळ्यातलं पाणी तसंच ओघळत होतं, कारण तिथपर्यंत डावा हात पोचवायचं त्यांना सुचत नव्हतं.

तिने खोकं बंद केलं. दुपारी रव्याची खीर केली आणि चमच्याने भरवली. “खरं नव्हे हो तें,” ती म्हणाली. “मला तरी हेलिकेज कोठें येत होतं? कालच पाठ केलं.”

पाचवा महिना सरत आला तेव्हा ते घडलं. ती उत्तर द्यायला तोंड उघडूनच बसली होती. “प्रोटीनं तयार होतात ती जागा—”

“रायबोसोम,” बालाजीराव म्हणाले.

स्पष्ट. खणखणीत. मंडळाच्या मांडवात मागच्या रांगेला ऐकू जावं अशा आवाजात, आणि एवढं साधं विचारता कशाला, ही जुनी नाराजीसुद्धा त्यात होती.

धनलक्ष्मीने कार्ड डावीकडे ठेवलं. उचलून पुन्हा एकदा ठेवलं. मग हरिप्रियाला फोन. “अय्यो अम्मा, खरंच? मला स्वतःलाच आता आठवलं नसतं!” मग खाली उतरून कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारपुढे नारळ फोडला. वॉचमन अरुणने काय विशेष म्हणून विचारलं. ती तमिळमध्ये म्हणाली, ह्यांना रायबोसोम आलं. तो चपापून म्हणाला, “गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा, मामी.”

संध्याकाळी तिने विचारलं, “रात्रीला काय करू? इडली की उपमा?”

“रायबोसोम,” बालाजीराव म्हणाले.

पाणी हवं होतं तेव्हा रायबोसोम. पंखा वाढवायला रायबोसोम. हरिप्रिया रविवारी आली, अप्पांच्या पायाशी बसली, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून सावकाश, मायेने, “रायबोसोम.” ती हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

आठवड्याभरात धनलक्ष्मी ती भाषा शिकली. तोडून म्हटलं की पाणी. शेवट वर गेला की पंखा. शेवट लांबवला की बाथरूम. दोनदा म्हटलं की बाथरूम, पण उशीर झालेला.

दर मंगळवारी हॉस्पिटलात वाचोपचार असे. तिथली मुलगी प्राची, साताऱ्याची. नवरा तांबरमला हवाई दलात. चेन्नईत मराठी बोलणारी वाचोपचार करणारी मिळाली म्हणून सगळ्यांनी नशीब काढलं म्हटलं होतं. पहिल्या दिवशी तिने ग्लास दाखवून विचारलं, “काका, हे काय?” धनलक्ष्मीच म्हणाली, “तण्णी म्हणून विचारा. पाण्याला घरीं आम्ही तेंच म्हणतो.” प्राचीने वहीत काहीतरी लिहून ठेवलं होतं.

आता धनलक्ष्मीने तिला मोठ्या उमेदीने रायबोसोमची हकिकत सांगितली. प्राचीने पेन खाली ठेवलं.

“काकू, राग मानू नका. ह्याला बोलणं नाही म्हणता येत. कधीकधी एकच शब्द अडकून बसतो. माणूस काहीही म्हणायला गेला की तोच बाहेर पडतो. काकांना वाटतंय ते नीटच बोलताहेत.”

“म्हणजे आंत सगळं आहे?”

“किती आहे ते बाहेरून नाही ना सांगता येत.”

“आहे,” धनलक्ष्मी म्हणाली. “आंत आहे. रायबोसोम आहे तर बोलिव्हिया आणि बाकीचं कसं नसेल?”

सहा महिने भरले त्या मंगळवारी चाचणी होती. सुधारणा दिसली तर उपचार पुढे चालू. नाही तर जागा दुसऱ्याला, रांगेत एकोणीस जण होते. धनलक्ष्मीने बालाजीरावांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. परीक्षेला जाताना पेन लागतं.

प्राचीने चित्रं दाखवली. किल्ली. कप. खुर्ची. छत्री. प्रत्येक चित्र बालाजीरावांनी नीट न्याहाळलं, विचार केला, आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. एकच उत्तर, पण दर वेळी तपासून दिलेलं. प्राची प्रत्येक चौकटीत शून्य काढत होती. छत्रीला तिचा हात जरा थांबला, मग तिथेही काढला.

“आता शेवटचं. काका, ह्या कोण बसल्यात? ह्यांचं नाव काय?”

“तें काढून टाका,” धनलक्ष्मी म्हणाली.

“काय काढू?”

“तो प्रश्न. आमच्यांत नांव घेत नाहीत. मी ह्यांचं घेत नाही, हे माझं घेत नाहीत. लग्नांत एकदा घेतलं असेल, पण नागस्वरम् एवढ्या मोठ्यानं वाजत होतं, मला ऐकूं आलं नाही.”

“मग एरवी हाक कशी मारायचे?”

“‘एय्’ म्हणून. कधी तेंही नाही. एकदम प्रश्नच विचारत.” ती खुर्चीवर पुढे सरकली. “बघ मा, किल्लीला शून्य दिलंस, मी बोललें का? कपाला दिलंस. सेरी, असूं दे. पण जें कधी बोललेच नव्हते, तें गेलं म्हणून कसं लिहितेस? नांव आंत आहे. नुसती बाहेर काढायची सवय नाही.”

प्राचीने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. “तसा रकाना नाही हो ह्यात काकू.”

“मग रिकामं ठेव.”

“रिकामं कॉम्प्युटर घेत नाही.”

बालाजीराव एवढा वेळ दोघींकडे आळीपाळीने बघत होते. आपल्याला प्रश्न विचारलाय आणि वेळ चाललाय, एवढं त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी खाकरून घसा साफ केला. “रायबोसोम,” ते म्हणाले, थोडे थकून.

प्राचीने शून्य काढलं. मग टेबलाला वळसा घालून आली आणि धनलक्ष्मीच्या पाया पडली. साताऱ्याकडे मोठ्यांचा निरोप तसाच घेतात, असं ती म्हणाली. घरी चालू ठेवा म्हणाली. चालू काय ठेवायचं ते मात्र म्हणाली नाही.

खाली औषधांच्या खिडकीपुढे गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. धनलक्ष्मीने नेहमीप्रमाणे केसपेपर पुढे केला. मुलगी वर न बघता म्हणाली, कागद नको, मामी, कोण घेणार त्याचं नाव सांगा, पुकारू. तिने आपलं नाव सांगितलं.

चाकांच्या खुर्चीशेजारी स्टीलच्या बाकावर ती टेकली. त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली. भिंतीवरच्या टीव्हीत आवाजाविना बातम्या चालल्या होत्या. नावं एकामागून एक पुकारली जात होती. माणसं उठत होती, पिशव्या घेऊन परतत होती.

“धनलक्ष्मी,” स्पीकर म्हणाला. “काउंटर नंबर चार. धनलक्ष्मी.”

बालाजीरावांनी मान वर केली. चेहऱ्यावर त्यांचं नेहमीचं, तपासनीसाचं कुतूहल आलं. ते उजवीकडच्या रांगेतल्या बायकांकडे बघू लागले, एकीनंतर एक. निळ्या साडीवाली, कडेवर मूल असलेली, म्हातारी. कोणीच उठेना, तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेरून कोणी येतंय का म्हणून.

धनलक्ष्मी बसूनच राहिली.

“धनलक्ष्मी!” मुलगी आता वैतागली होती. “धनलक्ष्मी कोण आहे?”

बालाजीराव दाराकडे बघत होते. धनलक्ष्मीने हातातल्या पिशवीची घडी केली आणि ती उठली. समोरून गेली असती तर वाट जवळची होती. ती त्यांच्या खुर्चीच्या मागून गेली.