ठोक्यांची काटकसर

मिस्त्री जिना चढत नसे. उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाने जिना चढणं म्हणजे आपल्याच धंद्याचं नाक कापणं. पण पन्नाशी उलटली, पोट पँटबाहेर डोकावून रहदारी बघू लागलं, आणि एकदा लिफ्टच्या खड्ड्यात तेल घालताना त्याच्या छातीतला एक ठोका चुकला. खड्ड्यात भलती शांतता असते. चुकलेला ठोका त्याला अगदी स्पष्ट ऐकू आला, म्हणजे ऐकू आला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, गोड सोडा, आणि यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर चालण्याची हृदयाची तपासणी करून घ्या. मिस्त्रीने मान डोलावली आणि घरी येऊन आपलंच गणित मांडलं. लिफ्टचा दोर किती फेऱ्या करणार हे ठरलेलं असतं. वरून कितीही ठणठणीत दिसो, फेऱ्या भरल्या की काढून टाकायचा. मग हृदयाचं वेगळं काय असणार? ठोके ठरलेलेच. ते चालून चालून लवकर संपवायचे, हा कुठला शहाणपणा?

त्याने काटकसर सुरू केली. टीव्हीवरचे सामने बंद केले. कुणी विनोद सांगू लागलं की तो हसू येण्याच्या आत तिथून निघायचा. शिंक आली तर नाक दाबून परत पाठवायचा. गोड मात्र सोडलं नाही, कारण गोड खाताना ठोके वाढत नाहीत हे त्याने नाडी धरून तपासलं होतं. शेवटी त्याने बायकोशी भांडणं सोडलं, आणि तिथे बिंग फुटलं.

बायको घरी शिवणकाम करायची. पडद्यांच्या रंगावरून दोघं लग्नापासून भांडत आलेली. त्या दिवशी ती म्हणाली, यंदा काळे लावते. तो म्हणाला, बरं. तिच्या हातातली कात्री गळून पडली. इतका गरीब झालेला नवरा एक तर दुसरीकडे अडकलेला असतो, नाहीतर मरणाला टेकलेला. पहिली शक्यता तिने त्याच्या बनियनकडे बघूनच निकालात काढली. मग खोदखोदून विचारलं, आणि त्याने हळू आवाजात, ठोके जपत, सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला दंडाला धरून तपासणीला घेऊन गेली.

खोलीत दोन पट्टे होते, एक तपासणीचा आणि दुसरा आजारातून उठलेल्यांच्या सरावाचा. तपासणी करणाऱ्या मुलीने मिस्त्रीच्या छातीवर वायरी चिकटवल्या. त्याने आधी वाकून मोटर पाहिली, मग थांबवायचं बटण कुठे ते विचारलं. तिने लाल बटण दाखवलं. त्याने त्यावर तळवा ठेवला. बटणावर हात असल्याशिवाय कुठल्याही चाचणीला उभं राहायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा.

पट्टा सरकू लागला. छातीत कुणीतरी दार ठोठावलं, आधी शेजाऱ्यासारखं, मग पोलिसासारखं. त्याच्या डोळ्यांपुढे दोराचा एकेक पीळ सुटत होता. त्याने बटण दाबलं. मुलीने धीर दिला, पुन्हा सुरू केलं. त्याने पुन्हा दाबलं. त्यानंतर तर पट्टा हलायच्या आतच दाबलं.

"काका, मी अजून सुरूच केलं नव्हतं," ती म्हणाली.

कोपऱ्यात बसलेली बायको उठली. पर्स खुर्चीवर ठेवून ती सरावाच्या पट्ट्यावर चढली, आणि मुलगी "काकू, नको" म्हणेपर्यंत शिलाई मशीन चालवावी तशी बिनधास्त खटका दाबून मोकळी झाली. मुलीने धावत जाऊन पट्टा बंद केला. तोवर बायकोची चार पावलंही झाली नव्हती. पण ती दांडा धरून वाकली होती, आणि तिच्या श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी वाजत होती.

मिस्त्री ऐकत राहिला. असा आवाज एखाद्या लिफ्टमधून आला असता, तर त्याने तिथल्या तिथे 'बंद आहे'ची पाटी अडकवली असती. हा कधीपासून येतोय? तो तर रोज तिच्या शेजारीच, स्वतःच्या छातीला कान लावून बसलेला असायचा.

"अगं, हे काय होतंय तुला?"

"काही नाही. जिना चढले की होतं." तिने मध्येच श्वास घेतला. "तुम्ही आपलं बघा."

"माझ्यानंतर तू तपासून घ्यायचं."

"तुमचं पुरं झालं तर. तुम्ही आणखी एकदा बटण दाबलंत, की मी निघाले घरी. मग बसू दोघं ठोके वाचवत."

ती बोलेल ते करणारी बाई होती. मिस्त्रीने बटणावरचा हात काढला आणि मुलीला म्हणाला, "ताई, चालू करा. आणि हिला तोवर खुर्चीत बसवा, पण इथेच, माझ्याजवळ."

पट्टा वेगाने सरकू लागला, मग पुढून उचलला जाऊन चढासारखा झाला. मिस्त्री घामाने निथळत चढत होता. भीती कमी झाली नव्हती, उलट खोलीभर पसरली होती.

"काका, छातीत दुखतंय का?" मुलीने विचारलं.

"कळत नाही," तो म्हणाला. "मला तिचंच ऐकू येतंय."