खाचेचं नाणं

"आजच ओतायचं," मालक दारातूनच म्हणाले. "हॉटेलवाल्यांचं उद्घाटन दोन दिवस अलीकडे आलंय."

माझ्यासमोर कापड पसरलेलं होतं आणि कापडावर नुकतीच धुतलेली नाणी वाळत होती. मी म्हणालो, "आज माझी अर्धी रजा आहे. महिन्यापूर्वीच सांगून ठेवलंय तुम्हाला."

"ठाऊक आहे हो. मुलगी जातेय तुमची. पण गाडी साडेतीनची ना? दीडला ओता, अडीचला मोकळे व्हा. स्टँड इथून पंधरा मिनिटांवर."

"आणि नाही ओतलं तर?"

"तर दुसऱ्या कुणाला तरी उभं करीन. तो बुडबुडे ठेवील. मग तुम्हालाच बघवणार नाही."

माणसाला कुठे दाबलं की तो हलतो, हे मालकांना बरोब्बर कळतं. बावीस वर्षं ते मला तिथेच दाबत आलेत आणि मीही हलत आलोय, त्यामुळे दोष एकट्या त्यांना देऊन चालणार नाही. ते गेले. मी रागारागाने कापडाची चारही टोकं जुळवली, नाणी खळ्ळकन वाटीत ओतली आणि कडेची शेवटची ओळ चिकटवायला बसलो.

काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जेवणाच्या टेबलाएवढी लाकडी फळी. तिच्यावर चलनातून गेलेली जुनी नाणी एकाला एक लागून चिकटवायची, सगळी चित्राची बाजू वर करून. हॉटेलवाल्यांनी दोन पोती नाणी पाठवली होती, काळीठिक्कर. ती व्हिनेगर आणि मिठात बुडवून उजळवायची. फळीच्या चारी कडांना चिकटपट्टीचा बांध घालायचा, पाणसळ ठेवून फळी समतल आहे ना ते बघायचं, आणि मग वरून रेझिन ओतायचं. वाळलं की नाणी काचेखाली असल्यासारखी दिसतात. लोक येतात, बोटाने टकटक करून बघतात आणि "वा" म्हणतात. नाणी उचलायचा मोह सगळ्यांनाच होतो, अगदी श्रीमंतांनाही.

रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर पडलं की घड्याळ सुरू झालं. पहिली काही मिनिटं माल तेलासारखा असतो, मग मधासारखा होतो, मग बोट लावाल तर तुमचा ठसा कायमचा. त्या तासाभरात नाण्यांच्या फटीतून हवा वर येते, तिचे बुडबुडे होतात. हातात गॅसची टॉर्च घेऊन, ज्योत वरून झरकन फिरवून ते फोडत राहायचं. त्या वेळी खोलीत पंखा नाही, खिडकी नाही, दार उघडायचं नाही. शेजारीच आमचं करवतीचं मशीन, एकदा दार उघडलं की भुसा आत आलाच म्हणून समजा. दाराला चारी बाजूंनी रबरी पट्ट्या आहेत आणि वरच्या अर्ध्या भागाला काच. मालक पाहुण्यांना त्या काचेतून मला दाखवतात. पेटीतल्या माशासारखा मी तोंडावर मास्क चढवून आत फिरत असतो.

आता लेकीचं सांगतो. तिचं नाव कागदोपत्री छान आहे, पण घरात ती ठकीच. नर्सिंग झालं आणि तिला लांब नोकरी लागली. तीन वर्षं परत येता येणार नाही, असं तिने सही करून दिलंय. निघताना मी हजर असायचं, एवढंच तिने मागितलं होतं. त्यालाही कारण आहे. ती जन्मली तेव्हा मी कुणाच्या तरी कपाटाला पॉलिश करत होतो. शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती, दोन तास हात वर करून उभी होती म्हणे. मी 'म्हणे' म्हणतो ते उगाच नाही. त्या दिवशीही एका हॉटेलचं काउंटर ओतायचं होतं.

पण एक गोष्ट मी कधी चुकवली नाही. सहा वर्षांची असताना शाळेच्या पहिल्या दिवशी ती माझं बोट सोडेना. खिशात एक नाणं होतं, कडेला खाच पडलेलं. मीच त्याने स्क्रू पिळून पिळून ती पाडली होती. ते तिच्या मुठीत दिलं आणि सांगितलं, "हे बाबाचं आहे. संध्याकाळी परत आणून द्यायचं." ती दिवसभर त्या खाचेवर अंगठा घासत बसली आणि संध्याकाळी नाणं माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं, घामाने ओलं झालेलं. मग तो आमचा रिवाजच पडला. दर परीक्षेला, नर्सिंगच्या मुलाखतीला, तिच्या आत्याच्या ऑपरेशनला ती एकटी सोबत राहिली तेव्हाही. सकाळी न्यायचं, परतल्यावर आणून द्यायचं. परत आणून द्यायचंय म्हणजे परत यायचंय, एवढा साधा हिशेब होता तो.

आजसाठी ते नाणं मी सकाळीच खिशात टाकून आणलं होतं. किती काळं पडलं होतं. बावीस वर्षं लोकांची नाणी चकचकीत करतोय, आणि लेक एवढ्या लांब चाललीय तर तिला काळं नाणं काय द्यायचं. म्हणून शेवटच्या घाण्याबरोबर तेही बुडवलं होतं, आणि कापडाच्या एका कोपऱ्यात वेगळं वाळत ठेवलं होतं.

हो, त्याच कापडाच्या. पण हे मला दुपारी दोन वाजेपर्यंत आठवलं नाही. माझी बोटं नाणी चिकटवताना डोक्याला विचारत नाहीत. ती आपली चिकटवत जातात आणि डोकं स्वतःशीच मालकांना शिव्या देत असतं.

दीडला माल कालवला. सावकाश, भोवरा न करता. ओतला, पसरवला, टॉर्च पेटवली. सगळं नीट चाललं होतं. दोन वाजून गेल्यावर स्टुलावर ठेवलेला फोन वाजला. एका हाताचा मोजा उतरवून मी तो स्पीकरवर टाकला.

"अहो, गाडीवाले म्हणतात आज पावणेतीनलाच निघणार," बायको म्हणाली. "तुमचं झालं का?"

"अजून निदान अर्धा तास."

मग पलीकडून ठकी म्हणाली, "बाबा, आम्ही तिकडेच येतो. वाटेवरच आहे."

दहा मिनिटांत दोघी काचेपलीकडे उभ्या होत्या. ठकीने नवा कोट घातला होता, तिला जरा मोठाच होता. बायकोने तिची पिशवी छातीशी धरली होती. मी हाताने थांबा म्हटलं आणि फोनकडे बोट दाखवलं. मग आम्ही तीन हातांवरून फोनवर बोललो.

"मास्क काढा की जरा, चेहरा तरी दिसू दे," ठकी म्हणाली.

"नको, वाफ असते."

"बरं. डोळे दिसतायत. डोळ्यांवरून कळतंय जेवला नाहीत ते."

"तू जेवलीस?"

"आईने तीन वेळा जेवायला घातलंय. आता गाडी मला घेते की नाही बघायचं."

मी हसलो. ती हसली. बायको हसली नाही. "दार उघडा ना दोन मिनिटं," ती म्हणाली. "तीन वर्षांसाठी चाललीय पोर."

"भुसा येईल गं आत. सगळं जाईल."

"जाऊ दे की."

"आई, राहू दे," ठकी म्हणाली. "त्यांचं काम तसंच असतं." तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आजारी माणसाची समजूत घालावी तशी ती बोलली. कामावर असतानाही ती अशीच बोलत असणार.

मग तिने तळहात काचेला लावला. "बाबा, नाणं?"

मी शर्टाचा खिसा चाचपला. पँटचे दोन्ही. कापड झटकलं. आणि त्याच वेळी, डाव्या कोपऱ्याजवळ, कडेच्या ओळीत एक बुडबुडा वर आला. मी टॉर्च फिरवून फोडला. पुन्हा त्याच जागी आला. पुन्हा फोडला, पुन्हा आला. नाणं गोल असलं, नीट बसलं असलं, की एकाच जागी अशी हवा येत नाही. खाली कुठेतरी ती अडकून राहायला जागा लागते. मी वाकून बघितलं. नाण्याच्या कडेला खाच होती.

तिथे ते नव्याकोऱ्यासारखं चमकत होतं, दोन्ही बाजूंना त्याच्यासारखीच शेकडो.

काढता आलं असतं. माल मधासारखा झाला होता. सुरीचं टोक घालून नाणं उपटलं असतं तर निघालं असतं, पण मागे तारा ओढत, शेजारची दोन-चार हलवत. वरचा थर फाटला असता आणि तो परत जुळत नाही. फळी वाया. दोन आठवड्यांचं काम, हॉटेलचं उद्घाटन, मालकांचा शब्द. मी सुरी हातात घेतलीही होती. काचेतून दोघी बघत होत्या, आणि त्यांच्या मागे मालक येऊन उभे राहिले होते. त्यांनी हातानेच विचारलं, काय झालं? मी मान हलवली. काही नाही.

सुरी खाली ठेवली. कुणी मला धरलं नव्हतं, बांधलं नव्हतं. माझ्याच हाताने ठेवली. ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

उरलेल्या नाण्यांच्या वाटीतून एक उचललं. तेवढंच, तसंच, त्याच वर्षाच्या सुमाराचं. दाराची खालची रबरी पट्टी बोटाने जराशी उचलली आणि नाणं बाहेर सरकवलं.

"हे घे," मी म्हणालो. "उजळवलंय तुझ्यासाठी."

ती खाली वाकली, काचेतून दिसेनाशी झाली. मग उठली. नाणं तिने चिमटीत धरलं आणि सवयीने अंगठा कडेवरून फिरवला. एक वेढा पुरा झाला. अंगठा थांबला नाही. तिने दुसरा वेढा घेतला, सावकाश. मी टॉर्चची ज्योत बघत होतो, पण कान फोनकडे होते. वाटलं, आता विचारेल. विचारलं असतं तर सांगितलं असतं, देवाशपथ, दार उघडून सांगितलं असतं.

तिने मूठ मिटली. पहिल्या दिवशी शाळेत जाताना मिटली होती, तशीच, अंगठा आत घालून.

"आणून देते, बाबा," ती म्हणाली.

"नीट जा," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. बावीस वर्षांत बोलायला किती वेळ होता, आणि ऐन वेळेला हे दोन शब्द सापडले. ती वळली तेव्हा कोटाचा मोठा खांदा दाराला घासून गेला. बायको माझ्याकडे न बघता तिच्यामागे गेली. माझ्यापुढे अजून वीस मिनिटं होती.

तो कोपऱ्यातला बुडबुडा मी आणखी दोनदा फोडला. तिसऱ्यांदा आला तेव्हा टॉर्च दुसरीकडे नेली.

संध्याकाळी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "गाडीत बसेपर्यंत मूठ उघडली नाही तिने. तिकीटसुद्धा डाव्या हाताने दाखवलं."

"काही म्हणाली का?"

"काय म्हणणार?" तिने माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणण्यासारखं काही होतं का?"

मी नाही म्हणालो. ताटाशेजारची जागा रिकामी होती, तिथे बायकोने मिठाची वाटी आणून ठेवली.

दोन दिवसांनी फळी हॉटेलात बसवायला गेलो. निघण्यापूर्वी मालकांनी तिरपा प्रकाश पाडून तपासली, त्यांची ती पद्धतच आहे. कोपऱ्याशी थांबले. "अहो, एक बुडबुडा राहिलाय इथे. तुमच्या हातून?"

"राहिला खरा."

"बारीक सुई घालून भरता येईल का?"

"राहू दे," मी म्हणालो. "कुणाला दिसणार नाही." मी त्यांना 'राहू दे' असं पहिल्यांदाच म्हणत होतो. ते जरा चमकले, मग त्यांनी दिवा विझवला.

हॉटेलच्या रिसेप्शनमध्ये पायांचे बोल्ट आवळले, पाणसळ ठेवली, फळी पुसली. सामानाच्या बॅगा घेतलेली दोन माणसं लगेच टकटक करायला आलीच. ती गेल्यावर मी डाव्या कोपऱ्याशी गेलो. खाच अगदी स्वच्छ दिसत होती, तिच्यावर मोहरीएवढा तो बुडबुडा. मी अंगठा ठेवला आणि तिच्यासारखाच गोल फिरवला. गुळगुळीत. पुन्हा फिरवला. काहीच लागलं नाही.

काउंटरमागची मुलगी, ठकीच्याच वयाची, माझ्याकडे बघत होती. "काका, काही राहिलंय का तुमचं?"

"नाही," मी म्हणालो. फळीवर माझ्या अंगठ्याचा डाग पडला होता, तो बाहीने पुसून टाकला.