कात्री हातात असताना

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात एकच कायदा होता. कात्री हातात असताना कापणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक असो, बायको असो, नाहीतर दारात आगीचा बंब येऊन उभा राहो, कापड कापून होईपर्यंत तोंडाला कुलूप. मध्ये मध्ये प्रश्न विचारणाऱ्याची पँट हमखास बिघडते, असं ते छातीठोकपणे सांगत. आणि बिघडली की खापर त्या गिऱ्हाइकाच्याच डोक्यावर फोडत.

त्यांची लेक याच कायद्यात वाढली. एका जागी बसेल तर शपथ, शिवाय टोचून बोलण्यात पटाईत, म्हणून लहानपणीच तिचं नाव टाचणी पडलं. आता चाळिशीला आली, दुकानाची अर्धी शिलाई तिच्या अंगावर होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. बडबडीत ती भल्याभल्यांना हार जायची नाही. पण कात्री उचलली गेली की तीसुद्धा गप्प.

सगळा घोळ झाला तो यामुळेच. लघवीतून रक्त जातंय हे मास्तरांनी बरेच दिवस लपवलं, मग तपासण्या झाल्या, आणि एका सकाळी सर्जन त्यांच्यासमोर उभ्याउभ्याच म्हणाले, "मूत्राशयात कॅन्सरची गाठ आहे. आतपर्यंत गेली आहे. पूर्ण मूत्राशय काढावं लागेल. लघवीसाठी पोटावर वाट करू, तिथे बाहेरून पिशवी लावायची. काही प्रश्न?"

टाचणीच्या ओठांवर प्रश्नांची रांग लागली होती. पिशवी कसली? कायमची? झोपताना काय करायचं? पण मास्तरांनी तिचा हात दाबला आणि स्वतः शहाण्या मुलासारखी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "कापणाऱ्या माणसाचं डोकं खायचं नसतं." आणि ती, एवढी जिभेची तलवार परजणारी बाई, निमूट त्यांच्यामागून चालत घरी आली.

पुढचे दिवस मास्तर घाण्याला जुंपल्यासारखे राबले. हाती घेतलेले सगळे कपडे पुरे केले. मशीन पुसलं, तेल दिलं, चादरीने झाकलं. मग मोठी कात्री, जिला ते कुणाला बोट लावू द्यायचे नाहीत, ती टाचणीपुढे ठेवली. "राहू दे तुझ्याकडे," एवढंच बोलले. तिला वाटलं, व्यवस्थितपणा. म्हातारा गावाला जाताना सुद्धा चार कुलपं लावतो, हे तर ऑपरेशन.

आता ऑपरेशन उद्यावर आलं होतं, आणि टाचणी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भोवऱ्यासारखी फिरत होती. तिला एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं: यानंतर बाबांना मशीनवर बसता येईल का? चौकशीच्या खिडकीवरच्या बाईने सांगितलं, सर्जनना विचारा. सर्जन ऑपरेशनमध्ये. वॉर्डमधल्या तरुण डॉक्टरला गाठलं, तर तो चालता चालता म्हणाला, "रिकव्हरीवर आहे," आणि दारापलीकडे गडप झाला. औषधांच्या दुकानदाराला विचारलं, त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. फोनवर वाचायला घेतलं, तर एका वाक्यात सगळं छान आणि पुढच्यात सगळं संपलेलं. तिने फोन पर्समध्ये टाकला, परत काढला, परत टाकला.

तेवढ्यात आईचा फोन. आई गुडघ्यांपायी घरीच अडकली होती आणि तिथून जीव टांगणीला लावून बसली होती.

"काही कळलं का गं?"

"कळतंय, आई. कळतंय."

"म्हणजे नाही कळलं."

टाचणी वॉर्डमध्ये परतली तर मास्तर पलंगावर पाय सोडून बसले होते आणि शेजारच्या पेशंटच्या सदऱ्याची कॉलर कशी चुकली आहे ते लांबूनच न्याहाळत होते. तिला हसूही आलं आणि रडूही.

पिशवीची जागा ठरवणारी नर्स आली ती याच वेळी. हातात खूण करायचा जाड पेन होता. पडदा ओढून तिने मास्तरांना सदरा वर करायला सांगितला आणि समजावून सांगू लागली. आतड्याचा छोटा तुकडा घेऊन पोटावर उजवीकडे लघवीची वाट करतात, पिशवी तिथे चिकटवतात. जागा अशी हवी की जिथे घडी पडत नाही, पट्टा येत नाही आणि स्वतःला वाकून न बघता दिसते. एवढं सरळ आजवर कुणी बोललंच नव्हतं. टाचणी कानांत प्राण आणून ऐकत होती.

"उभे राहा बरं," नर्स म्हणाली.

मास्तर उभे राहिले आणि त्यांनी पोट आत ओढून घेतलं! ज्या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकांना सुनावलं, "साहेब, श्वास सोडा, पँट तुम्हाला घालायची आहे, फोटोला नाही," तोच माणूस छाती काढून खांबासारखा उभा. नर्सने बसायला सांगितलं, तर बसलाही तसाच, लग्नाच्या फोटोतल्यासारखा ताठ.

"दिवसभर काय करता, बाबा? बसून काम, की उभ्याने?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "घरीच असतो."

टाचणीला एकदम चटका बसला. काही नाही? सकाळी दिवा लागल्यापासून रात्रीपर्यंत मशीनवर वाकलेला माणूस, काही नाही? आणि मग ते पुसलेलं मशीन, ती चादर, ती कात्री, सगळं तिच्यासमोर आलं. हा व्यवस्थितपणा नव्हताच. म्हातारा दुकान आवरून आला होता. मशीनवर परत बसता येणार नाही असं कुणीही म्हटलेलं नसताना, एक प्रश्न विचारायचा सोडून, त्याने आपल्याआपणच निकाल लावून टाकला होता. तिला त्यांचा असा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

नर्सने पेन पोटावर टेकवलं.

"थांबा!" टाचणी ओरडली. पडद्यापलीकडचं खोकणंसुद्धा थांबलं.

मास्तरांनी डोळे वटारले. "टाचणे, त्यांच्या हातात..."

"असू दे हातात! खोटं बोलतायत हे, सिस्टर. हे शिंपी आहेत. दिवसभर मशीनवर वाकून बसतात. आणि पोट आत घेतलंय त्यांनी. बाबा, सोडा श्वास. सोडा म्हणते ना!"

मास्तरांनी श्वास सोडला. पोट मुकाट्याने आपल्या जागी आलं.

नर्स हसली नाही. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. "मशीनवर बसता तसे बसा."

मास्तर अवघडून बसले. मग हळूहळू पाठ वाकली, मान पुढे आली, उजवा पाय मशीनच्या पायडलवर असावा तसा पुढे सरकला, आणि हात आपोआप नसलेलं कापड सरकवायला लागले. जिथे पेन टेकलं होतं ती जागा पोटाच्या घडीत पार बुडाली.

"बरं झालं सांगितलंत," नर्स म्हणाली. "इथे केलं असतं तर पिशवी सारखी सुटली असती." तिने खूण पुसली, बोटांनी चाचपून थोडी वर नवी केली, आणि पाणी घातलेली एक पिशवी तिथे चिकटवली. "संध्याकाळपर्यंत लावून बसा, वाका, चाला. टोचली तर सांगा."

"ट्रायल," मास्तर पुटपुटले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून दुकानातला शब्द निघाला होता.

"म्हणजे मशीनवर बसता येईल?" टाचणीने विचारलं. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला.

"पिशवी लावून काम करणारे खूप आहेत. तुम्ही कधी बसायचं, किती बसायचं, ते सर्जन जखम बघून सांगतील. पण विचारा त्यांना. न विचारता गृहीत धरू नका."

संध्याकाळी सर्जन आले तेव्हा मास्तर स्टुलावर वाकून बसले होते. सर्जननी खूण पाहिली, मान डोलावली, आणि त्या दिवशीसारखंच म्हणाले, "काही प्रश्न?"

टाचणीने तोंड उघडलं, पण मास्तरांनी हात वर केला.

"डॉक्टरसाहेब, आत्ता तुमच्या हातात कात्री नाही ना?"

"नाही," सर्जन गोंधळून म्हणाले.

"मग विचारतो." मास्तर म्हणाले. "मला भीती वाटते. मी उठेन ना त्यातून? आणि उठलो, तर हे परत येईल का?"

सर्जन पलंगाच्या कडेला बसले. ऑपरेशन मोठं आहे, म्हणाले, पण तुमचं हृदय चांगलं आहे, उठाल अशीच माझी अपेक्षा आहे. गाठ बाहेर पसरलेली दिसत नाही. काढलेला भाग तपासल्यावर जास्त कळेल, पुढेही तपासण्या कराव्या लागतील. मशीनवर हळूहळू बसता येईल. "पण परत येणार नाहीच, अशी खात्री मला देता येणार नाही."

"मीही गिऱ्हाइकाला कधी दिली नाही," मास्तर म्हणाले. "तरी मनापासून शिवतो."

"मीही," सर्जन म्हणाले.

ते गेल्यावर टाचणी पलंगावर बसली, आणि तिला एकदम रडू कोसळलं. मास्तरांनी तिला रडू दिलं. पाण्याची पिशवी चाचपून पाहिली, घट्ट होती. मग घसा खाकरून म्हणाले, "माझी कात्री कुठे आहे?"

"घरी. तुम्हीच तर दिलीत मला."

"सांभाळायला दिली होती," मास्तर म्हणाले, "वापरायला नाही."