माणूस वर, मग टोपली खाली

मी एक जुनी टोपली आहे. फुलांची नव्हे, भाजीचीही नव्हे. मी लोखंडी तारेची आहे. खाली आकडे, वर लांब साखळी. जर्मनीतल्या रूर नदीच्या खोऱ्यातलं होल्टरबेक हे आमचं गाव. एके काळी इथल्या बायका वारा कुठून येतो ते पाहून धुणं वाळत घालत, कारण उलटा वारा आला की पांढरी चादर कोळशाने काळी होई.

गावातल्याच कारखान्यात मी घडले आणि थेट कोळशाच्या खाणीच्या कपडेघरात आले. मित्रांनो, कपडेघर म्हणजे उंच छताची प्रचंड खोली. खाणकामगार घरचे कपडे आमच्या आकड्यांना अडकवायचा, साखळी ओढून आम्हाला छताशी चढवायचा, साखळीला कुलूप लावायचा आणि मग जमिनीच्या पोटात उतरायचा. तो खाली, आम्ही वर. पाळी संपली की तो वर, आम्ही खाली. दुसऱ्याची टोपली कोणी उतरवायची नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कोणी मोडतही नसे.

माझा धनी ओटमार. बोलणं कमी, कबुतरं फार. शर्यतीच्या कबुतरांचे दाणे त्याच्या कोटाच्या खिशातून माझ्यात सांडत आणि मला ते आवडत असे. शेजारची टोपली दुर्मुशची. तो तुर्कस्तानातून कामासाठी नवा आला होता. आमच्याकडे अंघोळीला माणसं रांगेत उभी राहून एकमेकांची पाठ घासत. दुर्मुश लाजून कोपऱ्यात उभा राहिला, तेव्हा ओटमार म्हणाला, "वळ रे. स्वतःची पाठ कुणाच्याच हाताला लागत नाही, तुमच्या सुलतानाच्यासुद्धा." त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली.

मग एका शनिवारी खाणीतला एक बोगदा ढासळला. पाळी सुटली, त्या पाळीच्या सगळ्या टोपल्या खाली आल्या. मी एकटी वर राहिले. ओटमार दरडीपलीकडे अडकला होता आणि बचावाची माणसं खोदत होती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पलीकडून काही आवाज आला नाही, तेव्हा मुकादम क्लोपमान पक्कड घेऊन माझ्या कुलुपापाशी आला. माणूस वाईट नव्हता. ओटमारची बायको हिल्ट्रुड फाटकाशी उभी होती, तिला निदान नवऱ्याचे कपडे द्यावेत, असं त्याच्या मनात आलं. कबुतरखान्याची किल्लीही कोटातच होती. शर्यतीहून परतलेली कबुतरं कालपासून छपरावर बसून होती.

दुर्मुशने माझी साखळी दोन्ही हातांनी धरली.

"माणूस वर, मग टोपली खाली, साहेब. ही उतरली, की तो गेला असं खाली कळणार. मग कोण जीव तोडून खोदेल?"

क्लोपमानने त्याला बाजूला हो म्हणून सांगितलं. दुर्मुश हलला नाही. नोकरी गेली तर त्याला देशच सोडावा लागला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात हिल्ट्रुड आत आली. पुरुषांच्या त्या कपडेघरात बाईमाणसाने पाऊल टाकलेलं मी प्रथमच पाहिलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"कबुतरं बसू देत छपरावर," ती म्हणाली. "त्याचा कोट तो येऊन घेईल."

क्लोपमानने पक्कड खिशात घातली.

दुपारी ओटमारला वर आणलं. डॉक्टर त्याला दवाखान्यात न्यायला निघाले, तर हा आधी कपडेघरात. कुलूप त्यानेच काढलं, मला त्यानेच उतरवलं. दुर्मुश रडत रडत त्याची पाठ घासू लागला. ओटमारने शर्यतीचं विचारलं.

"हरलास लेका," दुर्मुश म्हणाला. "सगळ्यांत शेवटी घरी पोचलास तो तूच."

पुढे परदेशचा कोळसा स्वस्त झाला. खोऱ्यातल्या कोळशाच्या भट्ट्या एकामागून एक विझल्या, मग आमची खाणही बंद पडली. फुप्फुसात साठलेल्या धुळीने ओटमार गेला, पण घरी, अंथरुणावर, हिल्ट्रुडच्या शेजारी. मी अंधारात गंजत पडले. बऱ्याच वर्षांनी गावाने इथे संग्रहालय केलं, आम्हाला तेलपाणी केलं, जुने कपडे अडकवले आणि शोभेसाठी सगळ्यांना छताशी चढवलं. लोक फोटो काढू लागले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एकदा म्हातारा दुर्मुश नातीला घेऊन आला. वर टांगलेल्या कपड्यांकडे पाहून त्याचा चेहराच उतरला. त्याने माझ्या साखळीवरचा नंबर शोधला आणि संग्रहालयाच्या बाईंना म्हणाला, "ही तेवढी खाली घ्या. तो वर आला होता. मी स्वतः पाठ घासली होती त्याची."

बाईंनी लगेच किल्ली आणली.

मित्रांनो, तुम्ही कधी इथे आलात तर सगळ्या टोपल्या वर आणि एकच खाली दिसेल. चुकून राहिली असेल म्हणून तिची साखळी ओढू नका. मला खालीच राहू द्या.