कुंडीखालची ताटली मेजावर आली

मी एक जुनी, लंबगोल, चिनी मातीची ताटली आहे, मित्रांनो, आणि आज माझा आनंद माझ्या काठांत मावत नाहीये! काल दुपारी माझ्या जन्माचं सोनं झालं. पण एकदम शेवटच सांगून कसं चालेल? जरा दम धरा.

मी भट्टीत भाजले गेले, पांढरी चकाकी अंगावर आली आणि एका मोठ्या संचातून दोन बहिणींच्या घरी पोहोचले. माझ्या सोबतिणी एकेक करून फुटल्या. मी वाचले, पण काठाचा टवका उडाला. “पाहुण्यांपुढे ही नको,” असं म्हणून मला गॅलरीत नेऊन कुंडीखाली सरकवलं. तिथे मातीचं पाणी ठिबकायचं आणि मुंग्या माझ्यावरून ये-जा करायच्या. मी मेली कुणाला सांगणार?

अशात धाकट्या बहिणीने चौकात छोटीशी खाणावळ काढायचं ठरवलं. एकच लांबलचक मेज, सगळ्यांनी एकत्र जेवायचं. हे ऐकून ताई म्हणाली, “मेजाच्या मधोमध माझ्या हातचं काहीतरी हवंच.”

ताईचा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेला होता. आता ते काम संगणकावर होतं आणि ताई घरी असते. “या हातांना आता विचारतंय कोण?” असं ती कुंड्यांना पाणी घालताना पुटपुटायची. ते फक्त मला ऐकू यायचं. म्हणूनच तिने मला बाहेर काढून घासलं, पुसलं, तेव्हा मला वाटलं, बाई गं, आता दोघींचेही दिवस पालटणार!

तिच्यापुढे इटलीतल्या खेडेगावच्या भांड्यांची चित्रं होती. पिवळीधमक लिंबं, ऑलिव्हच्या फांद्या, निळी नागमोडी किनार. सगळं हाताने, एका फटक्यात काढलेलं, कुठे दाट तर कुठे फिकं. ताईने चित्रं पाहिली, मान डोलावली, आणि पट्टी-कंपास काढला! माझ्या काठावर तिने लिंबं मोजूनमापून आखली आणि श्वास रोखून रंग भरला.

धाकटी आली, तिने मला पाहिलं आणि तिला हसू आवरेना. “अगं ताई, ही लिंबं आहेत की बंगल्याचा आराखडा?”

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. तिने ओल्या फडक्याने सगळा रंग पुसून टाकला. “ठेव ती परत कुंडीखाली. मला नाही जमायचं.”

पुन्हा ती कुंडी, पुन्हा त्या मुंग्या!

धाकटीने जीभ चावली. मग काहीतरी निमित्त काढून म्हणाली, “पट्टी आणि कंपास मी नेते हं, खाणावळीत फळ्या आखायच्यात.” आणि दार ओढून गेली.

घरात ताई आणि मी. तिने बराच वेळ ब्रश नुसता बुडवला, निथळवला. मग मला पालथी केली आणि पाठीवर, जिथे कुणी बघणार नाही तिथे, ब्रश टेकवला, दाबला, उचलला. पान! अगदी जिवंत पान! ताई स्वतःशीच हसली. दुसरं पान, तिसरं, मग मला उताणी करून काठावर लिंबं. एक कललेलं, एक गुबगुबीत. निळी किनार तर नाचत नाचतच गेली. टवक्यापाशी तिने एक फांदी वाकवून बसवली. मध्यावर, जिथे अन्न टेकतं, तिथे मात्र रंगाचा ठिपकाही नाही.

रंग नीट वाळल्यावर तो पक्का व्हावा म्हणून मी थंड ओव्हनमध्ये गेले. हळूहळू आच वाढली. टवक्यापाशी तडकले तर? ओव्हन बंद झाला तरी ताई दारापुढून हलेना.

“उघड ना गं, बघू दे!” परत आलेली धाकटी नाचत होती.

“हात लावशील तर खबरदार! गरम असताना काढली तर तडकेल ती.”

आणि मी नाही तडकले, मित्रांनो! एवढासाही रंग सुटला नाही!

काल खाणावळ उघडली. मेज गच्च भरलं होतं, मी मधोमध, गरम पावांनी लादलेली. एका शिंपीणबाईंनी पाव उचलता उचलता विचारलं, “किती गोड आहे ही ताटली! कुणी रंगवली?”

धाकटीने तोंड उघडलं, पण त्याआधीच स्वयंपाकघरातून, हाताला पीठ तसंच, ताई बाहेर आली. “मी,” ती म्हणाली. मग आणखी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “मी रंगवली!”

मित्रांनो, मला तारेच्या घासणीने घासू नका, मऊ स्पंजने धुवा, एवढंच मागते. आणि तुमच्या घरी कुणी पहिल्यांदाच हातात ब्रश धरून बसलं असेल, तर त्याला थोडा वेळ एकटं सोडा. हसायचंच असेल, तर नंतर त्याच्यासोबत हसा.